जुन्या राउटरचा ब्रिज: केबलवाली उपकरणं घरच्या वायफायवर कशी आणायची

फायबरवाला येतो, दाराजवळच्या भिंतीला भोक पाडतो, तिथेच डबा ठोकतो आणि निघून जातो. मोबाइलचं काम वायफायवर भागतं. पण आतल्या खोलीतला जुना डेस्कटॉप, माळ्यावर ठेवलेला सीसीटीव्हीचा डीव्हीआर, फक्त लॅनची पिन ओळखणारा ऑफिसातून आणलेला प्रिंटर, यांचं काय? हॉलपासून तिथवर केबल न्यायची तर भिंतींना भोकं पाडा, नाहीतर चौकटीवरून प्लास्टिकची पट्टी फिरवा. भाड्याच्या घरात मालक दोन्हीला नाही म्हणतो.

अशा वेळी कपाटात पडून असलेला जुना राउटर कामाला येतो. तो हॉलमधल्या मुख्य राउटरचं वायफाय मोबाइलसारखं पकडतो आणि स्वतःच्या लॅन पोर्टांमधून मागच्या उपकरणांना पुरवतो. याला वायरलेस ब्रिज म्हणतात. सेटिंग नीट बसलं की महिनोन्‌महिने त्याच्याकडे बघावं लागत नाही. सगळा त्रास पहिल्या तासातला असतो आणि तो बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो. ते कारण पुढे येईलच.

ब्रिज खरंच हवा आहे का?

फक्त एका कॉम्प्युटरला नेट हवं असेल तर ब्रिजच्या भानगडीत पडू नका. हजाराच्या आत यूएसबी वायफाय डाँगल मिळतो; तो मागच्या बाजूला न लावता छोट्या यूएसबी एक्स्टेन्शनने टेबलावर आणून ठेवा, सिग्नल लगेच सुधारतो. केबल ओढता येत असेल तर केबलच ओढा. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते आणि कोणतंही वायफाय तिच्याइतकं भरवशाचं नाही. फायबरचा डबाच दुसऱ्या खोलीत हलवता येईल का, हेही कंपनीला एकदा विचारून बघा. थोडे पैसे घेऊन बरेच जण हलवून देतात.

ब्रिज शोभतो तो दोन प्रसंगी. उपकरणाला डाँगल लावताच येत नसेल, म्हणजे डीव्हीआर, प्रिंटर, जुना टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्स. किंवा एकाच कोपऱ्यात दोन-चार केबलवाली उपकरणं असतील. जुन्या राउटरला सहसा चार लॅन पोर्ट असतात, त्यामुळे सगळा कोपरा एकदम मार्गी लागतो.

एक इशारा इथेच. फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्येही ‘ब्रिज मोड’ असं काहीतरी दिसेल. त्याला हात लावू नका. तो पूर्ण वेगळा प्रकार आहे: तो निवडला की तो डबा स्वतः इंटरनेट जोडायचं बंद करतो आणि ते काम मागच्या राउटरवर सोपवतो. मागे तशी तयारी नसेल तर घरभर नेट जातं आणि कस्टमर केअरला फोन लावत बसावं लागतं. आपण जे करणार आहोत ते सगळं जुन्या राउटरवर. मुख्य राउटरवर फार तर चॅनलसारखी एखाददुसरी सेटिंग बदलायची आहे.

पहिले तीन आकडे

घरातल्या प्रत्येक उपकरणाला चार आकड्यांचा एक पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. जिओफायबरच्या घरात मुख्य राउटर १९२.१६८.२९.१ वर असतो आणि मोबाइलला १९२.१६८.२९.१४ असं काहीतरी मिळतं. इतर बऱ्याच घरांत ते १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ने सुरू होतं. ब्रिजच्या मागे जोडलेल्या उपकरणाचा पत्ताही त्याच पहिल्या तीन आकड्यांनी सुरू झाला, तर तो खरा ब्रिज. मुख्य राउटरनेच पत्ता दिला, मधल्या डब्याने फक्त निरोप इकडून तिकडे केला. मुख्य राउटर १९२.१६८.२९ चा आणि मागच्या प्रिंटरला मात्र १९२.१६८.०.१०० मिळालं असेल, तर जुना राउटर ब्रिज न होता मध्येच स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटून बसला आहे.

फरक काय पडतो? टीव्हीवर सिनेमा बघायचा असेल तर काहीच नाही. डेस्कटॉपवर ब्राउझिंग करायचं असेल तरीही नाही. पण हॉलमधल्या मोबाइलवरून आतल्या प्रिंटरवर प्रिंट द्यायला जाल तर प्रिंटर सापडणार नाही. डीव्हीआरचं चित्र कंपनीच्या क्लाउडवरून बाहेर दिसेल, पण घरातल्या घरात थेट आयपी टाकून उघडणार नाही. डेस्कटॉपवरचं शेअर केलेलं फोल्डर लॅपटॉपला दिसणार नाही. लोक मग प्रिंटरचा ड्रायव्हर परत परत टाकत बसतात; दोष ड्रायव्हरचा नसतोच.

म्हणून राउटरच्या मेनूतल्या नावांकडे नीट बघा. ‘क्लायंट’, ‘ब्रिज’, ‘मीडिया ब्रिज’, ‘डब्ल्यूडीएस’, ‘रिपीटर’ किंवा ‘रेंज एक्स्टेंडर’ ही नावं बहुधा आपल्या कामाची. आसुसच्या राउटरवर ‘मीडिया ब्रिज’ म्हणतात, टीपी-लिंकच्या छोट्या ट्रॅव्हल राउटरवर ‘क्लायंट’. ‘डब्ल्यूआयएसपी’ किंवा ‘हॉटस्पॉट राउटर’ असेल तर ते वेगळं नेटवर्क थाटणारं. ते वाईट नाही. फक्त टीव्ही आणि नेटपुरता मामला असेल तर मी डोळे झाकून तेच लावीन, कारण कुठल्याही कंपनीच्या मुख्य राउटरशी ते बिनबोभाट जुळतं. प्रिंटर, डीव्हीआर, शेअरिंग यांतलं काही असेल तर मात्र खरा ब्रिजच हवा.

हे इतकं किचकट का?

सोसायटीचा वॉचमन जसा नोंद असलेल्या माणसालाच आत सोडतो, तसं वायफायचं आहे. मुख्य राउटर ज्या उपकरणाने पासवर्ड देऊन नाव नोंदवलं, त्याच्याच मॅक पत्त्यावरून (कारखान्यातच उपकरणाला मिळालेला ओळख क्रमांक) आलेला डेटा घेतो. जुन्या राउटरने नाव नोंदवलं, पण त्याच्यामागच्या प्रिंटरने आणि डीव्हीआरने नोंदवलेलं नाही. वायफायच्या साध्या जोडणीत डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर तीनच मॅक पत्ते असतात: पाठवणारा, घेणारा आणि मुख्य राउटर. ‘मी स्वतः पाठवत नाहीये, माझ्यामागच्या प्रिंटरचं पोचवतोय’ हे सांगायला चौथा रकाना लागतो.

चार पत्त्यांची सोय डब्ल्यूडीएसमध्ये असते, पण ती कशी राबवायची हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने ठरवलं. त्यामुळे एका कंपनीचा डब्ल्यूडीएस दुसऱ्या कंपनीशी जुळेलच असं नाही. बाकीचे राउटर एक युक्ती करतात: मागच्या सगळ्यांचा डेटा स्वतःच्याच मॅक पत्त्यावर पाठवतात आणि उत्तर आलं की आयपी पत्ता बघून ज्याचं त्याला वाटतात. ही युक्ती बहुतेक घरांत मजेत चालते. तिचे दोन परिणाम लक्षात असू द्या. मुख्य राउटरच्या यादीत मागची सगळी उपकरणं एकाच मॅक पत्त्यावर दिसू शकतात, त्यामुळे तिथे एकाला ब्लॉक केलं तर सगळेच अडकतात. आणि आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे लांब आयपी पत्ते, काही वेळा ब्रिजच्या पलीकडे पोचत नाही. घरच्या वापरात त्याने सहसा अडत नाही.

कामाला लागण्याआधी

ज्या जागी ब्रिज ठेवायचा, तिथे आधी मोबाइल घेऊन उभे राहा. अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझरचं एखादं अॅप टाकलं की सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो. शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ६५च्या आसपास असेल तर निश्चिंत. उणे ७०च्या पलीकडे गेला की व्हिडिओ अडखळायला लागतो, आणि उणे ८० असेल तर तिथे ब्रिज लावून वेळ घालवू नका, जागा बदला. केबलवाल्या उपकरणापाशीच ब्रिज ठेवायला हवा असा काही नियम नाही. सिग्नल चांगला असलेल्या ठिकाणी तो ठेवून तिथून पाच-दहा मीटरची लॅन केबल पुढे न्यायची.

भिंतीचा फरक फार पडतो. फ्लॅटमधल्या चार इंची विटेच्या भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झ आरामात जातं. आरसीसीचा स्लॅब किंवा कॉलम मध्ये आला की सिग्नल चांगलाच पडतो. कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंती आणि जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती तर दोनच पुरे होतात. सगळ्यात वाईट लोखंडी कपाट. ब्रिज त्याच्यामागे ठेवलात तर बाकीचं सगळं बरोबर असूनही काही उपयोग नाही.

मग मुख्य राउटरची माहिती कागदावर उतरवून घ्या: वायफायचं नाव (मोठी-छोटी अक्षरं जशीच्या तशी), पासवर्ड, आणि मोबाइलच्या वायफाय तपशिलात ‘गेटवे’ म्हणून दिसतो तो पत्ता. हा कागद लागतोच.

जुन्या राउटरचं अडॅप्टरही तपासा. घरात ९ व्होल्टचे आणि १२ व्होल्टचे अडॅप्टर एकाच डब्यात पडलेले असतात आणि पिन सारखीच दिसते. राउटरखालच्या स्टिकरवरचा आकडा आणि अडॅप्टरवरचा आकडा जुळला पाहिजे.

जोडणी, एकेक पायरी

इथे मी टीपी-लिंकचे दोन अँटेनांचे जुने स्वस्त राउटर डोळ्यांसमोर ठेवतोय, टीएल-डब्ल्यूआर८४१एन वगैरे, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत तेच पडून असतात. दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर बटणांची नावं बदलतील, क्रम हाच राहील.

राउटर चालू करून मागचं रीसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा. ते भोकात असेल तर सिमची पिन किंवा सेफ्टी पिन वापरा. पुढचे सगळे लाइट एकदम लागले किंवा लुकलुकले की सोडा. मिनिटभर थांबा. आता जुना पासवर्ड, जुन्या कंपनीचं लॉगिन, सगळं पुसलं गेलं.

लॅपटॉपचं वायफाय बंद करा. हे विसरलात तर लॅपटॉप मुख्य राउटरचंच पान उघडेल आणि तुम्ही चुकीच्या डब्याची सेटिंग बदलत बसाल. लॅन केबलचं एक टोक लॅपटॉपला, दुसरं जुन्या राउटरच्या लॅन पोर्टला. एकटाच, वेगळ्या रंगाचा पोर्ट असतो तो डब्ल्यूएएन. त्याला सध्या काही जोडायचं नाही. राउटर उलटा करून स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, सहसा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. लॉगिनही तिथेच लिहिलेलं असतं. नवीन पासवर्ड मागितला तर द्या आणि त्याच कागदावर लिहून ठेवा.

‘ऑपरेशन मोड’ किंवा ‘वर्किंग मोड’ असं पान दिसलं तर काम सोपं आहे. तिथे क्लायंट किंवा रेंज एक्स्टेंडर निवडा, सेव्ह करा, राउटर बंद होऊन परत चालू होईल. मग तो स्वतःच आसपासची वायफाय शोधून दाखवतो. आपलं निवडायचं, पासवर्ड टाकायचा. पत्ते वगैरे तो बघून घेतो.

असं पान नसेल तर डब्ल्यूडीएसचा रस्ता. इथे क्रम महत्त्वाचा.

सर्वांत आधी ‘नेटवर्क’मध्ये ‘लॅन’ उघडा आणि राउटरचा पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.२९.१ वर असेल तर याला १९२.१६८.२९.२५० द्या. पहिले तीन आकडे मुख्य राउटरचे, चौथा शेवटाकडचा, म्हणजे तो दुसऱ्या कुणाला वाटला जाण्याची शक्यता कमी. मुख्य राउटर पत्ते कोणत्या टप्प्यातून वाटतो हे त्याच्या डीएचसीपीच्या (आपोआप पत्ते वाटायच्या सोयीच्या) पानावर दिसतं; आपला आकडा त्या टप्प्याबाहेरचा असला की झालं. टप्पा २५४ पर्यंत असेल तर तिथे तो थोडा आखूड करा. जुना आणि मुख्य दोघेही १९२.१६८.१.१ वर राहिले तर नेट कधी चालेल, कधी बंद पडेल आणि कारण काही केल्या सापडणार नाही.

सेव्ह केलं की राउटर परत सुरू होईल. आता ब्राउझरमध्ये नवीन पत्ता टाकून लॉगिन करा. ‘वायरलेस’मध्ये जा, ‘एनेबल डब्ल्यूडीएस’ची खूण करा, ‘सर्व्हे’ किंवा ‘स्कॅन’ दाबा. यादीत शेजाऱ्यांची वायफाय दिसतील, त्यातलं आपलं शोधून ‘कनेक्ट’. नाव आणि मॅक पत्ता आपोआप भरला जातो. चॅनल मात्र बघा: मुख्य राउटर ज्या चॅनलवर आहे तोच इथे हवा. मुख्य राउटरचा चॅनल ‘ऑटो’वर असेल तर तो केव्हाही बदलतो आणि ब्रिज तुटतो. म्हणून मुख्य राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठरवून टाका; वायफाय अॅनालायझरमध्ये ज्यावर गर्दी कमी दिसेल तो. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२, एईएस. पासवर्ड टाइप करताना एकेक अक्षर बघून.

त्याच पानावर जुन्या राउटरचं स्वतःचं वायफायही असतं. ते नको असेल तर बंद करा. हवं असेल तर निदान वेगळं नाव द्या, म्हणजे कोण कुठे जोडलंय ते कळेल.

सगळ्यात शेवटी ‘डीएचसीपी’ बंद. पत्ते वाटण्याचं काम मुख्य राउटरचं. दोघेही वाटायला लागले तर कुणाला गेटवे बरोबर मिळतो, कुणाला नाही, आणि घरातले एकेक जण ‘माझं नेट चालत नाही’ म्हणून येतात. हे शेवटी ठेवायचं कारण सोपं आहे: डीएचसीपी बंद झाल्यावर ब्रिज जुळलेला नसेल, तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि राउटरचं पान उघडत नाही. तसं झालं तर लॅपटॉपच्या लॅनला हाताने १९२.१६८.२९.२४९ असा पत्ता द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि परत १९२.१६८.२९.२५० उघडा. नंतर ते ऑटोमॅटिक करायला विसरू नका.

राउटर एकदा बंद करून चालू करा. लॅन केबल काढून परत खोचा.

जुळलं की नाही?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या. इथरनेटसमोर १९२.१६८.२९ ने सुरू होणारा पत्ता आणि गेटवेसमोर १९२.१६८.२९.१ दिसलं की ब्रिज झाला. १६९.२५४ ने सुरू होणारं काही दिसलं तर पत्ता कुणीच दिला नाही. म्हणजे वायफायची जोडणीच लागलेली नाही. पासवर्ड, चॅनल आणि सुरक्षेचा प्रकार, याच क्रमाने तपासा.

मग तिथूनच मुख्य राउटरला पिंग करा, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा, आणि थोडा वेळ चालू द्या. उत्तरं २ ते १० मिलिसेकंदांत येत असतील तर छान. मध्येच एखादं १०० वर गेलं तरी चिंता नाही. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ वारंवार यायला लागलं तर सिग्नल कमी आहे, राउटर हातभर सरकवून बघा. अँटेना उभ्या ठेवा. सगळ्या मुख्य राउटरच्या दिशेने वाकवायची सवय असते लोकांना, पण अँटेनाच्या टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो.

आता लॅपटॉप काढून खरं उपकरण जोडा. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स सहसा आपणहून पत्ता घेतात. डीव्हीआरचं मात्र वेगळं असतं. दाहुआच्या डीव्हीआरवर मुळात १९२.१६८.१.१०८ हा पक्का पत्ता भरलेला असतो, आणि सीसीटीव्हीवालाही कधीकधी आपल्या हिशोबाने पत्ता टाकून जातो. घरचं नेटवर्क १९२.१६८.२९ चं असेल तर तो डीव्हीआर मुख्य राउटरशी कधीच बोलणार नाही, ब्रिज कितीही चांगला असो. डीव्हीआरच्या मेनूत नेटवर्कखाली डीएचसीपी चालू करा, किंवा १९२.१६८.२९ चा मोकळा पत्ता आणि १९२.१६८.२९.१ हा गेटवे हाताने भरा. डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) रकाना रिकामा ठेवू नका, नाहीतर क्लाउडवर ‘ऑफलाइन’ दिसत राहील.

प्रिंटरलाही त्याच्याच पॅनेलवरून पक्का पत्ता द्या. पत्ता बदलला की विंडोज जुन्याच पत्त्यावर शोधत बसतं आणि प्रिंटर चालू असूनही ‘ऑफलाइन’ म्हणतं.

वेग किती मिळेल?

राउटरच्या खोक्यावर ३०० एमबीपीएस छापलेलं असतं आणि लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. शंभराच्या वर जाणं म्हणजे शक्यच नाही. वर ते ३०० म्हणजे हवेतला कागदावरचा वेग. दोन भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झवर प्रत्यक्षात २० ते ४० मिळाले तरी बरं चाललंय म्हणा. एवढ्यात काय होतं ते बघा. नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरेसे सांगतं. चार कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरला एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) वर याहून फार लागत नाही. प्रिंटरचं तर विचारूच नका. मोठ्या फायली इकडून तिकडे करायच्या असतील, तेव्हाच हा वेग टोचतो.

तेव्हा ५ गिगाहर्ट्झचा राउटर घ्या, गिगाबिट लॅन पोर्ट असलेला. भिंती कमी असतील तरच. ५ गिगाहर्ट्झ भिंतीत लवकर दमतं.

रिपीटर किंवा एक्स्टेंडर मोडमध्ये एकच रेडिओ मुख्य राउटरशीही बोलतो आणि मोबाइलशीही, त्यामुळे त्याच्या वायफायवर जोडलेल्यांना जवळपास अर्धाच वेग मिळतो. लॅन पोर्टवर जोडलेल्यांना ही निम्मी कपात लागत नाही. त्यामुळे फक्त केबलवाल्यांसाठी ब्रिज करत असाल तर त्याचं वायफाय बंद ठेवणंच फायद्याचं.

जुना राउटर नसेल तर विकत घेताना लॅन पोर्ट असलेला एक्स्टेंडर घ्या. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूए८५०आरई थेट सॉकेटात बसतो आणि त्याला खाली एक लॅन पोर्ट आहे. दोन-तीन उपकरणं असतील तर त्या पोर्टाला पाच पोर्टांचा साधा नेटवर्क स्विच जोडायचा. काही एक्स्टेंडरना लॅन पोर्टच नसतो, खोक्यावरच्या फोटोत बघून घ्या.

राउटर नाही, लॅपटॉप आहे

एखाद्या दिवसापुरतं काम असेल तर विंडोजचा लॅपटॉपही मध्ये बसवता येतो. नेटवर्क कनेक्शन्सच्या जुन्या खिडकीत वायफाय आणि इथरनेट दोन्ही कंट्रोल दाबून निवडा, राइट क्लिक, ‘ब्रिज कनेक्शन्स’. बऱ्याच वायफाय कार्डांवर हे जुळत नाही, कारण वर सांगितलेलंच: चौथा रकाना. मग वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ उघडून इंटरनेट शेअर करायला परवानगी द्या आणि इथरनेट निवडा. मागच्या उपकरणाला १९२.१६८.१३७ चा पत्ता मिळेल. पहिले तीन आकडे बदलले, म्हणजे हा ब्रिज नव्हे. नेट चालेल, प्रिंटर हॉलमधून दिसणार नाही. लॅपटॉप झोपी गेला की नेटही जातं. टीव्हीचं अपडेट घ्यायला किंवा नवीन डेस्कटॉपवर वायफायचा ड्रायव्हर उतरवायला ठीक आहे, कायमचा उपाय म्हणून नाही.

हौस असेल तर जुन्या राउटरवर कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरऐवजी) ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर टाकता येतं. दोन्हीकडे ओपनडब्ल्यूआरटी असेल तर डब्ल्यूडीएस अगदी स्वच्छ जुळतं. मुख्य राउटर कंपनीचा असेल तर रिलेडी नावाचं पॅकेज वापरतात, ते फक्त आयपीव्ही४ पोचवतं. आपलं मॉडेल आणि त्याची आवृत्ती यादीत आहे का हे बघितल्याशिवाय फर्मवेअर टाकू नका. स्टिकरवर ‘व्हर्जन’ लिहिलेलं असतं आणि एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांचं आतलं सामान वेगळं असतं.

घरापासून शेडपर्यंत

गोठा, पोल्ट्री, पंपाची शेड अशा शे-दोनशे मीटरवरच्या ठिकाणी कॅमेरा लावायचा असेल तर घरगुती राउटरच्या नादी लागू नका. बाहेर लावायच्या, एकाच दिशेने सिग्नल फेकणाऱ्या रेडिओंची जोडी मिळते, टीपी-लिंकचा सीपीई२१० किंवा सीपीई५१० यासारखी. एक घराच्या गच्चीवर ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये, दुसरा शेडवर ‘क्लायंट’ मोडमध्ये, दोघांची तोंडं समोरासमोर. एकाच कंपनीचे असल्याने ब्रिज पहिल्या झटक्यात जुळतो. मध्ये आंब्याचं झाड असेल तर उंची वाढवा. पावसाळ्यात ओल्या पानांतून सिग्नल जात नाही.

या रेडिओंना वीज लॅन केबलमधूनच जाते. सोबतच्या छोट्या अडॅप्टरला दोन पोर्ट असतात, ‘पीओई’ आणि ‘लॅन’. पीओईची केबल रेडिओकडे, लॅनची डीव्हीआरकडे. उलट लावलीत तर २४ व्होल्ट डीव्हीआरच्या लॅन पोर्टात जातात आणि तो पोर्ट जळू शकतो. केबल जोडल्यावर कोणती कुठली हे ओळखू येत नाही, म्हणून आधीच टोकांना चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

नंतरच्या कटकटी

घरभर नेट अचानक बंद पडलं आणि राउटरचे सगळे लाइट एका लयीत जोरजोरात लुकलुकायला लागले, तर कुणीतरी ब्रिज आणि मुख्य राउटर यांच्यात लॅन केबलही जोडली आहे. वायफायने एक रस्ता, केबलने दुसरा, आणि डेटा गोल गोल फिरत राहतो. केबल काढा, क्षणात शांत होतं. पाहुण्यांपैकी कुणी हुशार भाचा असला की हमखास घडतं.

मुख्य राउटर नवीन आला आणि ब्रिज जुळेना, तर बहुधा त्यावर डब्ल्यूपीए३ आहे. हा प्रकार २०१८ मध्ये आला. त्याआधीच्या राउटरला तो कळत नाही. मुख्य राउटरवर डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावाने चालू असतील तर २.४ला वेगळं नाव द्या, म्हणजे जुना राउटर गोंधळत नाही. आणि ब्रिज कधीही गेस्ट वायफायवर जोडू नका. तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत. नेट चालतं, प्रिंटर नाही.

वीज गेल्यावर मुख्य राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो आणि आतल्या खोलीतला ब्रिज बंद पडतो, हे डीव्हीआरच्या घरात जाणवतं. ब्रिजसाठी राउटरचा छोटा यूपीएस घेताना त्यावरही ९ की १२ व्होल्ट ते बघा.

वायफायचा पासवर्ड बदलाल तेव्हा ब्रिज लगेच तुटेल, कारण त्याच्याकडे जुनाच पासवर्ड आहे. मोबाइलसारखा तो नवीन मागणार नाही, नुसता गप्प राहील. लॅपटॉपला हाताने पत्ता द्या, केबल लावा, १९२.१६८.२९.२५० उघडा, ‘वायरलेस’मध्ये नवीन पासवर्ड टाका. हा पत्ता आणि राउटरचं लॉगिन कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून ब्रिजच्या तळाला चिकटवून ठेवा.